जितांची वाणी आणि बिरुदांची कादंबरी

१

विस्मृतीत गेलेल्या वीरपुरुषावर एखादी भव्य ऐतिहासिक कादंबरी लिहिली गेली पाहिजे, ही मागणी मराठी वाङ्मयव्यवहारात इतकी रुळलेली आहे की तिच्यामागची गृहीतके तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला भासत नाही. पराभूतावर झालेला अन्याय म्हणजे त्याला न मिळालेली प्रसिद्धी, हे पहिले गृहीतक. कादंबरीने नायकपद बहाल केले की त्या अन्यायाचे परिमार्जन होते, हे दुसरे. आणि नायकपदाला शोभणारी वाणी, म्हणजे दरबारातली बाणेदार उत्तरे, एकांतातली स्वगते, मृत्युसमयीचे उद्गार, लेखकाने आपल्या पदरची पुरवायची असते, हे तिसरे. या तिसऱ्या गृहीतकाविषयी समीक्षेने बाळगलेले मौन विशेष लक्षणीय आहे. जितांना बोलते करण्याच्या नावाखाली त्यांच्या तोंडी जेत्यांच्याच वळणाची भाषा घालण्याचा हा उद्योग आहे, आणि त्याला ‘इतिहासाचे पुनरुज्जीवन’ असे गौरवाचे नाव मिळालेले आहे.

प्रस्तुत प्रश्न निव्वळ ऐतिहासिक कादंबरीपुरता असता तर त्यावर शाई खर्चण्याचे कारण नव्हते. त्या प्रकाराची झाडाझडती मराठी समीक्षेने यापूर्वीही घेतलेली आहे. त्यातले अलंकरण, भाबडेपणा, पुराव्याशी केलेली सलगी यांवर पुरेसे लिहून झालेले आहे. मात्र हीच समीक्षा, पराभवाचे खरे कथन ज्या मराठी कादंबऱ्यांनी केले त्यांना ‘ग्रामीण’ अशी चिठ्ठी चिकटवून वेगळ्या कपाटात ठेवत आली. एका कपाटात बोलका राजा आणि दुसऱ्या कपाटात बोलीतला गडी, अशी ही वाटणी आहे. ती ज्या समजुतीवर उभी आहे ती समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत आजच्या लेखनाला मोजावी लागत आहे.

२

या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ नमुना मेक्सिकोत सापडतो. एर्नान कोर्तेसच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश तुकडी नोव्हेंबर १५१९मध्ये अ‍ॅझटेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानमध्ये शिरली. राजा मोक्तेसुमा याने तिचे स्वागत केले आणि तो तिच्या कैदेत पडला. जून १५२०च्या अखेरीस त्याचा मृत्यू झाला. त्याचा धाकटा भाऊ क्वित्लावाक याने प्रतिकाराचे नेतृत्व घेतले, स्पॅनिशांना शहराबाहेर पिटाळले, आणि सुमारे ऐंशी दिवसांच्या राज्यानंतर तो देवीच्या साथीत दगावला. त्याच्यामागून आलेल्या तरुण क्वाउतेमोकने वेढा पडलेले शहर अडीच महिने लढवले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तो पकडला गेला. सोन्याचा ठावठिकाणा काढून घेण्यासाठी त्याचे पाय भाजण्यात आले, आणि १५२५च्या फेब्रुवारीत, होंडुरासच्या मोहिमेवर फरफटत नेले जात असताना, कोर्तेसने त्याला फाशी दिली.

अ‍ॅझटेकांच्या नाउआत्ल भाषेत राजाला ‘त्लातोआनी’ म्हणत. या शब्दाचा धात्वर्थ आहे ‘बोलणारा’. या शेवटच्या बोलणाऱ्याचे जे उद्गार जगभर प्रसिद्ध आहेत ते कुठून आले? पकडला गेल्यावर त्याने कोर्तेसच्या कमरेच्या कट्यारीवर हात ठेवला आणि हिनेच मला संपव, अशा अर्थाचे काही तो म्हणाला, हा प्रसंग मेक्सिकोच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तो आलेला आहे कोर्तेसने १५२२ साली स्पेनच्या राजाला धाडलेल्या तिसऱ्या पत्रातून. बेर्नाल दीआस या कोर्तेसच्या शिपायाने म्हातारपणी लिहिलेल्या आणि १६३२ साली छापल्या गेलेल्या बखरवजा ग्रंथात तोच प्रसंग अधिक रंगून येतो. शत्रू जितका बाणेदार तितका विजय मोठा, हे जेत्याला पक्के ठाऊक असते. पराभूताच्या मुखातील वीरवाणी ही जेत्याच्या दप्तरातील गरज होती. पुढे राष्ट्रवादाने ती जशीच्या तशी उचलली.

ती कशी उचलली हेही पाहण्यासारखे आहे. मेक्सिको शहराच्या पासेओ दे ला रेफॉर्मा या राजमार्गावर क्वाउतेमोकचा भव्य पुतळा १८८७ साली उभा राहिला. तो उभारणारी राजवट पोर्फिरिओ दीआसची होती. याच राजवटीत १८८३च्या कायद्याने जमीनमोजणी करणाऱ्या कंपन्यांना, त्यांनी मोजलेल्या ‘पडीक’ जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोबदला म्हणून मिळू लागला, आणि मूळ रहिवाशांच्या गावांच्या सामाईक जमिनी या मोजणीत गिळल्या गेल्या. चौथऱ्यावर जितांचा राजा आणि चौथऱ्याखाली जितांच्या जमिनीची मोजणी, या दोन गोष्टी त्या राजवटीत सुखाने एकत्र नांदल्या. वीराला वाणी देऊन त्याच्या वारसांना मुके करता येते, हे या पुतळ्याने शिकवलेले आहे. मराठी वाङ्मयाला हा धडा परका वाटण्याचे कारण नाही.

याच देशात दुसरेही एक कथन तयार झाले. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगून याच्या देखरेखीखाली, सान्ता क्रूस या त्लातेलोल्कोतील विद्यालयात शिकलेल्या नाउआ तरुणांनी बारा भागांचा एक ज्ञानकोश सिद्ध केला. त्याचा बारावा भाग म्हणजे विजयाची हकीकत, जितांच्या भाषेत. अंतोनिओ वालेरिआनो, मार्तीन हाकोबिता यांच्यासारखी या लेखक-भाषांतरकारांची नावेही उपलब्ध आहेत. पानावर दोन स्तंभ आहेत. एकात नाउआत्ल मजकूर, दुसऱ्यात स्पॅनिश अनुवाद. आणि तो अनुवाद बऱ्याच ठिकाणी इतका त्रोटक आहे की उरलेली जागा चित्रांनी भरावी लागली. या हकीकतीत राजा फार थोडा दिसतो. दिसते ती वेढ्यात अडकलेली वस्ती. सरडे, पाकोळ्या, मक्याचा पेंढा, कातडे खाऊन दिवस काढणारी माणसे. शहर सोडून जाताना सोन्यासाठी झडती घेतल्या गेलेल्या बायका. त्सिलाकात्सिन नावाचा एक योद्धा, कोणत्या वेषात आला, कसा लढला. मिगेल लेओन-पोर्तिया यांनी १९५९ साली संपादित केलेल्या संकलनामुळे ‘जितांची दृष्टी’ हा शब्दप्रयोग जगभर गेला, त्याच्या मुळाशी हा मजकूर आहे.

तो निर्भेळ नाही, हे सांगितले पाहिजे. तो घटनेनंतर काही दशकांनी, धर्मोपदेशकाच्या नजरेखाली लिहिला गेला. तो त्लातेलोल्कोच्या माणसांनी लिहिला आणि शेजारच्या तेनोच्तित्लानकरांची भित्रेपणाबद्दल निर्भर्त्सना करण्याची संधी त्यांनी सोडलेली नाही. खुद्द साआगूनने १५८५ साली ही हकीकत सुधारून कोर्तेसला अधिक अनुकूल केली. जेम्स लॉकहार्ट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की ‘आम्ही स्थानिक’ विरुद्ध ‘ते परके’ अशी विभागणी या मजकुराच्या मनातच फारशी नाही. त्याची निष्ठा आपापल्या नगराशी आहे. तरीही हा मजकूर मोलाचा ठरतो, कारण त्याने पराभवाला घाट दिला. तो घाट वीराच्या चरित्राचा नाही. वस्ती कशी मोडली, कोणत्या वस्तू नाहीशा झाल्या, रोजच्या व्यवहारातले कोणते शब्द निरुपयोगी ठरले, याच्या तपशिलाचा तो घाट आहे.

३

आता कोल्हापूर. ३१ जुलै १८५७च्या रात्री कोल्हापुरात २७व्या देशी पायदळ पलटणीने उठाव केला. डिसेंबरच्या आरंभी शहरातच पुन्हा उठाव झाला, वेशी बंद झाल्या आणि ले ग्रँड जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने तो मोडून काढला. या धामधुमीत फिरंगोजी शिंदे मारले गेले. गादीवर छत्रपती बाबासाहेब महाराज होते. ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांच्यावर उठावाशी संधान असल्याचा संशय आला. १८५८ साली त्यांना कराचीला हद्दपार करण्यात आले आणि १८६९ साली तेथेच त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांशी इंग्रजांनी १८६२ साली करार करून राज्यकारभार त्यांच्याकडे परत दिला.

थोरला भाऊ परकीयांशी जुळवून घेणारा, धाकटा प्रतिकाराकडे झुकलेला. मोक्तेसुमा आणि क्वित्लावाक यांची जोडी जणू कोल्हापुरात पुन्हा अवतरली, असे वाटावे इतके हे साम्य डोळ्यांत भरते. कादंबरीकाराचा हात शिवशिवायला एवढे पुरे आहे. जुन्या राजवाड्यातील दोन भावांचा मध्यरात्रीचा संवाद, कराचीच्या किनाऱ्यावर अंबाबाईच्या स्मरणाने व्याकुळ झालेला राजबंदी, शेवटच्या श्वासाबरोबर पंचगंगेचा उच्चार, ही प्रकरणे लिहिली जाण्यापूर्वीच वाचकाला पाठ असतात.

प्रश्न असा आहे की चिमासाहेबांविषयी जे वाचायला मिळते त्यातले मुख्य कथन कुणाच्या लेखणीतून आलेले आहे? ते त्याच जेकबच्या लेखणीतून. ‘वेस्टर्न इंडिया बिफोर अँड ड्युरिंग द म्यूटिनीज’ हे त्याचे पुस्तक १८७१ साली लंडनला प्रसिद्ध झाले, चिमासाहेबांच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन वर्षांनी. संशय घेणारा, बंदोबस्त करणारा आणि निवेदक, तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे आहेत. कोर्तेसच्या पत्राची ही सख्खी बहीण. रणजित गुहा यांनी १९८३ साली, उठावांचे दप्तर हे मुळात बंदोबस्ताचे गद्य असते, हे सोदाहरण मांडले. मराठी समीक्षेने गुहांची नावे व अवतरणे भरपूर वापरली; मात्र जेकबसारख्या जवळच्या, हाताशी असलेल्या संहितेचे त्या पद्धतीने वाचन करण्याची निकड तिला भासल्याचे दिसत नाही. सिद्धान्त आयात करून तो गोदामात ठेवण्याची ही सवय आहे.

कादंबरीकाराने या संशयिताला पूर्ण नायक केले की काय घडते? जेकबला जो कट सिद्ध करायचा होता तो कादंबरी सिद्ध करून देते. इंग्रज अधिकाऱ्याचा संशय हाच मराठी अभिमानाचा पुरावा ठरतो. चिमासाहेबांचे मौन, त्यांचा सावधपणा, कदाचित त्यांचा अनिश्चय, हे जे खरोखर त्यांचे स्वतःचे होते ते सारे पुसले जाते. जेकबने त्यांना कराचीला धाडले. स्वगतप्रधान कादंबरी त्यांना त्यांच्या स्वतःच्या मौनातून हद्दपार करते. पराभूताचा आदर करणारे लेखन निराळे असते. जेकबच्या पानावर जिथे जिथे ‘संशय आहे’, ‘समजते’, ‘असे कळवण्यात आले’ असे शब्द येतात तिथे ते थांबेल, कळवणारा कोण होता हे विचारील, आणि उत्तर मिळाले नाही तर ती रिकामी जागा रिकामीच ठेवील.

४

राजपुत्राच्या पलीकडे पाहिले तर याच भूमीवर आणखी महत्त्वाचा प्रतिकार दिसतो. १८४४ सालचा गडकऱ्यांचा उठाव. कोल्हापूर राज्यात गड सांभाळणाऱ्या वंशपरंपरागत शिबंदीला त्या बदल्यात जमिनी होत्या आणि त्यांची व्यवस्था गडाकडूनच पाहिली जाई. इंग्रजांच्या पाठबळाने कारभारी झालेल्या दाजी कृष्ण पंडित यांनी ही व्यवस्था काढून मामलेदारांकडे दिली. कागदावर पाहिले तर जमीन कुणाची काढून घेतली गेली नव्हती. केवळ तिचे दप्तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेले होते. तेवढ्याने सामानगडाने दरवाजे बंद केले, भुदरगड उठला, पन्हाळा उठला, साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हान्स पन्हाळ्यावर कैदेत पडला. १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा तोफांनी फोडून घेण्यात आला. गडांची शिबंदी मोडली, तटबंद्या पाडल्या गेल्या. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच गेला.

या उठावाला मराठी कादंबरीत नायक सापडणे कठीण आहे, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. यात लढणारे राजे नाहीत. यातली फिर्याद दप्तराविषयी आहे. आपली जमीन कोणत्या कचेरीत, कुणाच्या हाताने, कोणत्या शब्दांत लिहिली जाते, यावर आपले असणे अवलंबून आहे, हे या गडकऱ्यांना कळलेले होते. लेखन आणि सत्ता यांच्या संबंधाविषयी परिसंवादांतून जे काही बोलले जाते त्याचे इतके नेमके भान क्वचित आढळते. तरीही त्यांच्यावर ‘भव्य’ कादंबरीची मागणी होत नाही, कारण स्वगत देता येईल असा मुकुटधारी माणूस त्यात नाही.

५

पराभव लिहिण्याचा घाट मराठीत कधीच नव्हता असे मात्र नाही. ‘भाऊसाहेबांची बखर’ हे त्याचे ठसठशीत उदाहरण. पानिपतचा संहार सांगताना ती बखर एका वीराच्या मनात घर करून बसत नाही. लष्कर, बाजारबुणगे, उपासमार, सल्लामसलतीतले बेबनाव, अशा अनेकांगी गोंगाटातून ती पुढे सरकते. त्याच काळात दक्षिणेकडे आलेल्या सावकारी पत्रात माणसांच्या मरणाचा हिशेब मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या भाषेत सांगितला गेला, हे तर सर्वश्रुत आहे. व्यापाऱ्याच्या वहीची भाषा अशा वेळी शोकाची भाषा होते. पराभवाला स्वतःची भाषा नसते. तो हाताशी असलेल्या व्यवहाराच्या भाषेत शिरतो. नाउआ लेखकांनी हेच केले, आणि अठराव्या शतकातील मराठी सावकारानेही हेच केले.

आधुनिक ऐतिहासिक कादंबरीने हा घाट सोडून दिला. तिच्या शीर्षकांकडे नुसती नजर टाकावी. ‘स्वामी’ (१९६२), ‘श्रीमान योगी’ (१९६८), ‘छावा’ (१९७९). आणि पौराणिक शाखेतील ‘मृत्युंजय’ (१९६७). ही सारी बिरुदे आहेत. पुस्तक उघडण्यापूर्वीच नायकाला पदवी मिळालेली असते. पुढची पाने त्या पदवीचे समर्थन करतात. बिरुद हा दरबारी प्रकार आहे आणि बिरुदाची कादंबरी ही मूलतः दरबारी कादंबरी आहे, मग तिचा नायक कितीही लोकप्रिय असो. या लेखकांचे परिश्रम, त्यांनी मिळवलेला अफाट वाचकवर्ग, यांविषयी तुच्छतेने बोलण्याचे कारण नाही. आक्षेप त्यांच्या कसबाविषयी नाही. पराभवाचा घाट हातचा गेला, आणि तो गेल्याची नोंद समीक्षेने घेतली नाही, हा खरा आक्षेप आहे.

विश्वास पाटील यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. ‘पानिपत’ (१९८८) हे शीर्षक बिरुद नाही, स्थळ आहे. तेवढ्यापुरते ते बखरीच्या जवळ जाते, जरी भाऊसाहेबांच्या प्रतिमेचे परिमार्जन हे तिचे एक मुख्य काम आहे. तीनच वर्षांनी, १९९१ साली, त्याच लेखकाची ‘झाडाझडती’ आली; धरणग्रस्तांच्या उठवलेल्या गावाची कादंबरी. तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी समीक्षेने पहिलीला ऐतिहासिक म्हटले आणि दुसरीला सामाजिक. परंतु वस्ती कशी मोडते, कागद कसे फिरतात, कोण कुणाला विकतो, कोणती भाषा कुणाच्या कामी येईनाशी होते, हा जितांच्या हकीकतीचा गाभा दोहोंपैकी कोणत्या पुस्तकात अधिक आहे? उत्तर उघड आहे. ते उच्चारले गेले नाही, कारण ते उच्चारताच कपाटांची वाटणी कोसळते.

६

ही वाटणी किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवले तरी पुरे. पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या सीमेवर ‘कागल पंचतारांकित एमआयडीसी’ पसरलेली आहे. १९९०च्या दशकात राज्यभर अशी पंचतारांकित औद्योगिक क्षेत्रे आखली गेली. बुटीबोरी, शेंद्रा ही तिची भावंडे. येथे इंजिने तयार होतात, सूत आणि कापड तयार होते, यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. या वसाहतीच्या एका बाजूला कागल आहे. कोल्हापूर राज्यातील घाटग्यांची ही जहागीर. राजर्षी शाहू याच घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र कागल हे आनंद यादवांचे जन्मगाव आहे. वसाहतीच्या दुसऱ्या बाजूला, हुपरीजवळ पट्टणकोडोली आहे, आणि ते शंकर पाटलांचे जन्मगाव आहे.

शंकर पाटलांची ‘टारफुला’ १९६४ साली आली. एका पाटलाचा दरारा संपतो, गाव निर्नायकी होते, दहशतीचे नवे मालक उगवतात आणि सत्तेची नवी घडी बसते. सत्तेच्या संक्रमणाची, तिच्यातील भीतीच्या अर्थशास्त्राची इतकी कठोर मांडणी राजेरजवाड्यांवरच्या किती मराठी कादंबऱ्यांत आहे? यादवांची ‘गोतावळा’ १९७१ साली आली. नारबा हा गडी आपल्या बोलीत बोलतो; मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरांचा गोतावळा एकेक करून उठत जातो. नारबाला प्रतिकाराचे भाषण नाही. तो सांगतो ते फक्त काय होते आणि काय नाहीसे झाले. बैलांच्या सवयी, मळ्यातली कामे, अवजारे, त्या त्या कामाचा शब्द. यंत्र येते तेव्हा माणसाचे काम जाते हे अर्थशास्त्रही सांगते. कामाबरोबर त्या कामाची भाषाही जाते, हे नारबा सांगतो. त्लातेलोल्कोच्या लेखकांनी वेढ्यातील शहराविषयी जे केले ते यादवांच्या निवेदकाने कागलच्या मळ्याविषयी केले. बोलीला अवतरणचिन्हांच्या तुरुंगातून सोडवून निवेदनाच्या गादीवर बसवणे, ही या कादंबरीची मोठी वाङ्मयीन कृती आहे. ‘त्लातोआनी’ हा शब्द मराठीत कुणाला लावायचाच असेल तर तो नारबाला लागू पडतो.

या दोन्ही कादंबऱ्यांना समीक्षेने नावाजले, हे खरे. पण कशासाठी? अस्सल बोली, रसरशीत वातावरण, मातीचा गंध. ‘ग्रामीण’ या एका शब्दाने त्यांच्यातील इतिहास काढून घेतला आणि भूगोल तेवढा शिल्लक ठेवला. खुद्द यादवांनी ग्रामीण साहित्याची चळवळ उभी केली, तिचे स्वरूप आणि समस्या सांगणारा ग्रंथ १९७९ साली लिहिला. हे लेबल त्यांनी अभिमानाने मिरवले. त्या काळी ते आवश्यकही होते, कारण नागर अभिरुचीच्या दारात उभे राहण्यासाठी काहीतरी नाव सांगावे लागते. दारात शिरण्यासाठी घेतलेले नाव घरात राहण्यासाठी पुरेसे नसते, एवढे समीक्षकाने ओळखायला हवे होते.

७

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. औद्योगिक क्षेत्राला स्पॅनिश विजयाच्या पंक्तीला बसवणे हा अतिरेक आहे, हा पहिला. आक्षेप रास्त आहे आणि तशी पंक्ती येथे मांडलेली नाही. औद्योगिक वसाहत आणि वासाहतिक सत्ता या दोहोंना मराठीत एकच शब्द पुरतो. या योगायोगावर सिद्धान्ताचा मजला चढवण्याचा मोह अनेकांना होईल, तो टाळलेला बरा. १९६१च्या कायद्याखाली निवडून आलेल्या सरकारने जमीन घेणे आणि तोफांनी शहर घेणे या निराळ्या गोष्टी आहेत. पंचक्रोशीतील पुष्कळांना कारखाना हवा होता. शेतीच्या कष्टातून आणि मळ्याच्या मालकातून सुटका हवी होती. नारबाच्या नातवाला बैलांच्या मागे परत जायचे असेल, असे समजणे हा शहरी वाचकाचा भाबडेपणा ठरेल. तथापि एक गोष्ट उरतेच. १८४४च्या गडकऱ्यांनी ओळखली होती ती. जमिनीचे दप्तर बदलते तेव्हा तिथल्या माणसाचे स्वतःविषयी बोलण्याचे शब्दही बदलतात. मळ्यांना, शिवारांना, माळाच्या तुकड्यांना नावे होती; भूखंडाला क्रमांक असतो. नोटीस, मोजणी, निवाडा, ताबा, कंत्राट, पाळी, हजेरी या शब्दांत आता तेथील आयुष्य लिहिले जाते. ‘तारांकित’ हा शब्द मराठीने विधिमंडळातही वापरला आहे. तेथे तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावे लागते. पाच तारा मिरवणाऱ्या या परिसराला तोंडी उत्तर देणारी कादंबरी अजून व्हायची आहे. ती विजयाची असेल, पराभवाची असेल किंवा दोहोंचे न सुटणारे मिश्रण असेल. समीक्षेने आधीच निकाल देण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. वीरनायक नको, स्वगत नको, मग सामान्य वाचकाने प्रतिकाराची प्रेरणा कुठून घ्यावी? चिमासाहेबांचे स्मरण करायचेच नाही काय? स्मरण अवश्य करावे. कोल्हापूरकरांनी ते जपले आहे आणि त्यात उणे काढण्यासारखे काही नाही. परंतु स्मारकाचे काम आणि कादंबरीचे काम एकच समजणे ही गफलत आहे. दीआसच्या राजवटीने क्वाउतेमोकचे स्मारक उभारले, त्याने एका गावाचीही जमीन वाचली नाही. प्रतिकाराची प्रेरणा वीराच्या उद्गारातून मिळते ही समजूत मुळात जेत्याच्या पत्रातून आलेली आहे. जितांच्या हकीकती वाचल्यावर जी प्रेरणा मिळते ती वेगळ्या जातीची असते. आपण नेमके काय गमावले आणि ते कोणत्या कागदावर गेले, हे ओळखण्याची ती क्षमता असते. गडकऱ्यांना ती होती. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत होणारी भाकणूक पाऊसपाणी, पिके, राजकारण यांचे भाकीत सांगते. वर्षाचा हिशेब जाहीरपणे तोंडी मांडण्याची ही रीत वसाहतीच्या हाकेच्या अंतरावर आजही चालू आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांवर सोपवून देऊन समीक्षा तिच्यापासून मोकळी झाली. साआगूनच्या शिष्यांनी आपल्या वृद्धांकडे बसून जे टिपले ते याहून फार वेगळे नव्हते.

तेव्हा मागणीच बदलली पाहिजे. चिमासाहेबांवर आणखी एक बिरुद-कादंबरी मागण्याऐवजी, मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी जेकबच्या पुस्तकाची आणि १८८६ सालच्या कोल्हापूर गॅझेटियरची चिकित्सक, सटीप मराठी वाचने सिद्ध करावीत. ‘टारफुला’, ‘गोतावळा’, ‘झाडाझडती’ या कादंबऱ्या ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत ‘स्वामी’च्या शेजारी ठेवाव्यात, आणि विद्यार्थ्यांना सरळ विचारावे की यांपैकी इतिहास कोणत्या पुस्तकात घडताना दिसतो. असे झाले तर कागलच्या वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या आणि फावल्या वेळात लिहू पाहणाऱ्या तरुणाला, आपला विषय ‘ग्रामीण’ की ‘कामगार’ की ‘महानगरी’, या चिठ्ठ्यांच्या शोधात वर्षे घालवावी लागणार नाहीत. त्याच्या आजोबांची भाषा आणि त्याच्या हजेरीपटाची भाषा एकाच निवेदनात येऊ शकतात, आणि ते निवेदन इतिहासाचेच असते, एवढा भरवसा समीक्षेने त्याला द्यायचा आहे.